आकृतीमागचा पुरावा



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे पुण्यात मनःपूर्वक स्वागत. आरएनएच्या घडीवर मराठीतून चर्चा करायची असे ठरले, तेव्हा प्रतिसाद कसा मिळेल याची आम्हांला धाकधूक होती. आज भिंतीलगत उभी असलेली मुलेमुली पाहून मन भरून आले आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले असेल तर हक्काने सांगा.

हा विषय पुण्याला परका नाही. भारतात विकसित झालेली पहिली एमआरएनए लस हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीची. जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. साध्या फ्रीजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसला टिकावी म्हणून ती गोठवून वाळवलेली होती. एवढी खटपट करावी लागते, कारण आरएनए फार नाजूक. त्याच्या प्रत्येक शर्करेवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, जो डीएनएत नसतो. साखळी जिथे मोकळी असते तिथे हा गट शेजारच्या फॉस्फेटवर हल्ला करतो आणि साखळी तुटते. साखळी स्वतःवर दुमडून जिथे अक्षरांच्या जोड्या जमतात, म्हणजे घडी बसते, तिथे या गटाला तेवढी मोकळीक मिळत नाही. रेणू किती काळ टिकणार, हेसुद्धा असे घडीवर अवलंबून असते.

ही घडी ओळखायची कशी? १९६५ मध्ये कॉर्नेलला रॉबर्ट हॉली आणि सहकाऱ्यांनी यीस्टमधल्या अ‍ॅलनिन टीआरएनएचा अक्षरक्रम उलगडला. सुमारे १४० किलो यीस्टमधून शुद्ध रेणू मिळाला जेमतेम १ ग्रॅम, आणि तेवढ्यावर तीन वर्षे काम चालले. क्रम हाती आला तरी घडी हाती आली नव्हती. एसमोर यू, जीसमोर सी अशा जोड्या लावत गेले, तर एकाहून अधिक आकृत्या बसत होत्या. शोधनिबंधात त्यांनी प्रामाणिकपणे तीन छापल्या. त्यांतली एक बेलाच्या पानासारखी, तीन दले आणि देठ असलेली. तीच खरी, हे ठरले इतर टीआरएनएंचे क्रम मिळाल्यावर. एका रेणूत एच्या जागी जी आला असेल, तर समोर यूच्या जागी सी आलेला दिसे. अक्षरे बदलली, जोडी कायम राहिली. जोडी खरी असल्याचा याहून बोलका पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत अलेक्झांडर रिच व सुंग-हू किम यांनी आणि केंब्रिजला आरन क्लुग यांच्या गटाने क्ष-किरणांनी स्फटिकातला रेणू तपशिलात दाखवला. कागदावरची ती सपाट आकृती प्रत्यक्षात काटकोनात वळलेली निघाली. एका टोकाला अमिनो आम्ल, दुसऱ्या टोकाला संदेश वाचणारी तीन अक्षरे.

स्फटिक प्रत्येक रेणूचा जमत नाही. तिथे रसायन मदतीला येते. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या केव्हिन वीक्स यांच्या गटाने २००५ मध्ये ‘शेप’ ही पद्धत मांडली. हातमोजे घालून काम करायचे, कारण बोटांवरची विकरे आरएनए खाऊन टाकतात. नमुना ९५ अंशांपर्यंत तापवायचा, बर्फात ठेवायचा, मग मॅग्नेशियम घालून ३७ अंशांना घडी बसू द्यायची. नंतर असा अभिकर्मक घालायचा, जो मोकळ्या अक्षरांच्या त्याच हायड्रॉक्सिल गटाला चिकटतो. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर आरएनएची डीएनएत नक्कल करत येते आणि त्या अडथळ्यापाशी थांबते. जेलवर ठळक पट्टा दिसला तर अक्षर मोकळे, फिका दिसला तर बहुधा जोडीत. साखळी तोडणारा गटच आपल्याला घडी वाचून देतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

पण हे पट्टे जोडीदार कोण ते सांगत नाहीत. त्यासाठी एक अक्षर बदलून जोडी मोडावी लागते, समोरचे बदलून ती पुन्हा जुळवावी लागते आणि रेणूचे काम परत सुरू होते का ते पाहावे लागते.

प्रयोगाच्या जोडीला गणिताची वाटही आहे. १९८१ मध्ये झुकर आणि स्टिगलर यांनी कमीत कमी ऊर्जेची घडी संगणकावर काढण्याची रीत दिली. आज विद्यार्थी क्षणात आकृती काढतात, हे चांगलेच आहे. मात्र जवळपास तेवढ्याच ऊर्जेच्या इतर घड्याही असतात, आणि पेशीत तर रेणू तयार होता होताच घडी घालू लागतो. प्रथिनांच्या बाबतीत कृत्रिम बुद्धिमत्तेने जे यश मिळवले, ते रेणूंच्या रचनेचे भाकीत करण्याच्या २०२२ च्या ‘कास्प’ स्पर्धेत आरएनएच्या बाबतीत मिळाले नाही. तिथे जाणकार माणसांनी हाताळलेल्या पद्धतीच सरस ठरल्या. मोजून सिद्ध झालेल्या आरएनए रचना मुळातच थोड्या आहेत. त्या वाढवण्याचे काम प्रयोगशाळेतच होणार.

म्हणून यजमान या नात्याने निबंधवाचकांना एक विनंती करतो. पडद्यावर आकृती दाखवाल तेव्हा तिच्यातली कोणती जोडी प्रयोगाने सिद्ध झाली आहे आणि कोणती संगणकाने सुचवली आहे, ते वेगवेगळ्या रंगांत दाखवा. विद्यार्थ्यांनो, कोणी दाखवले नाही तर उभे राहून विचारा. ध्वनिक्षेपक तुमच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी स्वागत समितीची.