ज्ञानाच्या अवजारांची मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



२०१० साली कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. ज्या प्रगत देशांचे सार्वजनिक कर्ज एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांपलीकडे जाते, त्यांच्या वाढीचा सरासरी दर उणे ०.१ टक्का होतो, असे त्यात दाखविले होते. मंदीने गांजलेल्या युरोप-अमेरिकेत लोककल्याणाच्या खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांच्या हाती हा आकडा आयताच सापडला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तीच आकडेमोड पुन्हा करून पाहिली. ताळा जमेना, म्हणून मूळ लेखकांकडून त्यांचा संगणकावरील तक्ता मिळविला. तेव्हा दिसले की, सरासरी काढणाऱ्या सूत्रात पाच देशांच्या ओळी राहूनच गेल्या आहेत. ही चूक, काही वर्षांची वगळलेली माहिती आणि सरासरीची सदोष रीत हे दोष दूर करता, हर्नडन व त्याच्या प्राध्यापकांना तोच दर अधिक २.२ टक्के आढळला. लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली. निष्कर्ष मात्र सोडला नाही.

यातून दोन गोष्टी ध्यानी येतात. संशोधकाला सिद्धान्त शिकविला जातो, पण ज्या संगणकावर तो रोज राबतो त्याचे कसब तो बहुधा इकडे-तिकडे पाहूनच उचलतो. आणि मूळ तक्ता हाती पडला नसता, तर नामवंतांचा हिशेब नेमका कोठे चुकला हे एका विद्यार्थ्याला दाखविताच आले नसते.

पहिली उणीव भरून काढण्यासाठी १९९८ साली ग्रेग विल्सन व ब्रेंट गोर्डा यांनी अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांसाठी वर्ग सुरू केला. त्याचे नाव ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’, म्हणजे संगणकाचे सुतारकाम. गगनचुंबी इमारत बांधणे दूर राहिले, घरचे दार नीट बसविता यावे एवढाच हेतू. २०१४ साली ‘डेटा कार्पेंट्री’ निघाली आणि २०१८ साली दोन्ही मिळून ‘द कार्पेंट्रीज’ ही संस्था झाली. तिचे पाठ कोणीही घ्यावेत, बदलावेत, अनुवादावेत. मूळ लेखकांचे ऋण नोंदविले की पुरे.

परंतु पाठ खुले केले एवढ्याने ते सर्वांचे होत नाहीत. सहकारी संस्थेचे पोटनियम कितीही उदार असोत, सभासदाला जमाखर्च वाचता येत नसेल तर कारभार चार जणांच्या मुठीत जातो. या संस्थेने पाठ शिकविण्यावर न थांबता, पाठ रचण्याचेच शिक्षण संशोधकांना देण्यास आरंभ केला, त्याचे महत्त्व येथे आहे. रीत अशी: दोघे-तिघे मिळून एक विषय घेतात. विद्यार्थी कोण आणि त्याला आधीपासून काय येते, हे प्रथम लिहून काढतात. शेवटी त्याला काय करता आले पाहिजे ते ठरवितात, ते साधले की नाही हे कळावे म्हणून स्वाध्याय रचतात, आणि विवेचन त्यानंतर लिहितात. मग पाठाचा एक भाग प्रत्यक्ष शिकवून पाहतात, विद्यार्थी अडखळले त्या जागा टिपतात आणि पुन्हा एकत्र बसून दुरुस्ती करतात. कोणी काय बदलले याची नोंद सर्वांना पाहता येते. व्याख्यात्याने सांगावे व इतरांनी उतरवून घ्यावे, या जुन्या क्रमाला येथे धक्का बसतो.

या प्रयत्नाच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. पाठ रचणाऱ्यांचे पुष्कळसे श्रम विनावेतन असतात. विद्यापीठे बढती देताना निबंध मोजतात; पाठ सहसा मोजत नाहीत. संस्थेचा खर्च सभासद-संस्थांची वर्गणी व अनुदाने यांवर चालतो. शिवाय बहुतेक पाठ इंग्रजीत आहेत. मराठी अनुवादाला कोणाची आडकाठी नाही हे खरे. पण हक्क असणे आणि तो बजाविता येणे यांत अंतर असते. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने केंद्र सरकारच्या पैशातून खुल्या आज्ञावलींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले, हे उदाहरण म्हणूनच मोलाचे आहे. सार्वजनिक पैशातून सार्वजनिक ज्ञान निर्माण होऊ शकते.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. पाठरचना हे विद्यापीठाचे वेतनी काम मानले जावे, आणि करदात्यांच्या पैशावर झालेल्या संशोधनाचे तक्ते व सूत्रे खुली असावीत. अर्थशास्त्रज्ञांचे आकडे ज्यांच्या ताटातील घास ठरवितात, त्यांच्या मुलाबाळांना तो हिशेब तपासता आला पाहिजे.