कायमची माणसं



लालबाग-परळात बोलायचं म्हणजे गिरणीवरूनच सुरू करावं लागतं. इथं बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींना बदलीवाला म्हणजे काय ते सांगायला नको. पोरांसाठी सांगतो. भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आज कुणी खाडा केला असला तर त्याच्या जागी काम. नाहीतर डबा तसाच घेऊन खोलीवर परत. वर्षानुवर्षं लोक असे उभे राहिले. एकच आशा, कधी तरी कायम होऊ.

आम्हां वारकऱ्यांच्या मनातही हा बदलीवाला बसलेला असतो. एकादशी चुकली, वारी चुकली, की वाटतं देव आज गेटवरनं परत पाठवील. आमचं पुण्य पुरं झालं तर तो आपला म्हणेल.

पण पुंडलिकाची गोष्ट आठवा. आधी त्यानं आईबापांचे हाल केले होते. पुढं तो सुधरला नि त्यांच्या सेवेला लागला. त्यानं काही देवाला बोलावणं धाडलं नव्हतं. देव आपण होऊन दारात आला. पुंडलिकानं वीट टाकली, थांब म्हणाला, आणि देव थांबला. आधी देव आला, माऊली. आपलं सगळं त्याच्या मागनं. यालाच कृपा म्हणायचं.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात माऊलींनी ओढ्यानाल्यांचा दृष्टांत दिलाय. गंगेला मिळेपर्यंतच ओढा ओढा असतो. मिळाला की गंगाच. गंगा काही ओढ्याला विचारत नाही, तू कुठल्या शिवारातनं आलास.

विचारतो ते आपण. चोखोबाराय मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर होते. कूस कोसळलं नि त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या. महाद्वारासमोर समाधी झाली. दाराच्या बाहेर! देवानं ज्याला आपला म्हटला, त्याच्या माणसांना देवाची माणसं म्हणवणाऱ्यांनीच शेकडो वर्षं आत येऊ दिलं नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपास केला, तेव्हा ते दार उघडलं. दार विठ्ठलानं लावलं नव्हतं, माऊली. आपण लावलं होतं.

आता आमच्याच चुकीचं सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कायम होते तेही गेटच्या बाहेर. गिरणीचं कायम किती दिवसांचं, ते तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी आषाढीला मुंबईकर मंडळी नेहमीसारखी लोणंदला दिंडीत येऊन मिळाली. त्यात आपल्यातलेच एक गृहस्थ होते. काम गेलं, दारू लागली, आणि लाजेनं त्यांनी गळ्यातली माळ काढून ठेवली होती. ते लांब, झाडाखाली बसून राहिले. आम्ही तेव्हा विशीतले, अंगात कडकपणा फार. आम्हीच म्हणालो, माळ नाही त्याला टाळ द्यायचा नाही.

म्हातारे वीणेकरी होते. ते म्हणाले, "माळ त्यानं काढली. पण पांडुरंगाच्या हजेरीतनं त्याचं नाव कुणी काढलं? तू काढलंस का?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. वीणेकऱ्यांनी आमच्याच गळ्यातले टाळ काढून त्यांच्या हातात दिले आणि ओळीत आपल्याशेजारी उभं केलं. लगेच सगळं गोड झालं असं नाही. दारू सुटायला आणखी दोन वाऱ्या लागल्या. मग पंढरपुरात चंद्रभागेचं स्नान करून त्यांनी पुन्हा माळ घातली. माळ नंतर आली. माणूस आधीपासूनच आपला होता.

मग नेम कशाला, असं कुणी म्हणेल. आमच्या शेतकऱ्याच्या घरात बघा. लेकरू घरचं आहे म्हणून शेतात राबतं. राबतं म्हणून घरचं होत नाही. तशी माळ, एकादशी, वारी. आपण त्याचे झालोय म्हणून हे करायचं. त्याचं व्हायला भाडं म्हणून नाही. आणि घरचं लेकरू काम टाळत बसलं तर बापाला वाईट वाटतं, हेही ध्यानात ठेवा.

गिरण्या गेल्या. पुष्कळ चाळी गेल्या, तिथं टॉवर उभे राहिले. दिंडी शंभर वर्षं टिकली ती आपण चांगले होतो म्हणून नाही. त्यानं हात सोडला नाही म्हणून.

एवढंच मागतो. येत्या आषाढीला लोणंदच्या तळावर कुणी लांब, झाडाखाली बसलेला दिसला, तर त्याच्या गळ्याकडं बघू नका. आपले टाळ काढा आणि त्याच्या हातात द्या.

रामकृष्ण हरी.