जाच कोणाचा कमी झाला?



उद्योगांवरील नियमांचा जाच कमी करण्याची भाषा गेली काही वर्षे दिल्लीत आणि मुंबईत सारख्याच उत्साहाने बोलली जात आहे. या भाषेत तथ्य मुळीच नाही, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भोसरीतील लहान कारखानदाराला एकाच माहितीसाठी चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत असतील, तर ते थांबण्यात कामगाराचे काहीच नुकसान नाही. परंतु कागद कमी करणे वेगळे आणि संरक्षण कमी करणे वेगळे. आज ही दोन्ही कामे एकाच नावाखाली उरकली जात आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ कायदे त्यांत विलीन झाले. १९४८ च्या कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या जागी १० आणि विजेविना चालणाऱ्या जागी २० कामगार असले की तो कारखाना ठरे. आता हे आकडे २० आणि ४० झाले आहेत. कामगार कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १९७६ साली ३०० कामगारांच्या कारखान्यांना लागू झाले. १९८२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०० वर आणली. नव्या संहितेने ती पुन्हा ३०० वर नेली. सुधारणेच्या नावाने घड्याळाचे काटे मागे फिरवले गेले ते असे.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. त्यासाठी कामगाराची संमती लागेल, असे सांगितले जाते. चाकणमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली राबणारा, उद्या फाटकातून आत घेतील की नाही याची शाश्वती नसलेला तरुण संमती नाकारणार तरी कशाच्या बळावर?

नियमांचे ओझे कोणाला जड होते, याचे उत्तर तळवड्याने दिले आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी तेथे वाढदिवसाच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली. पहिल्याच दिवशी किमान सहा जणांचा बळी गेला. पुढे मृतांची संख्या वाढत गेली. ही शेड परवानगीविना चालू होती. तेथे निरीक्षकांचा सुळसुळाट नव्हता. तेथे निरीक्षक पोहोचलाच नव्हता.

म्हणून मागणी नेमकी हवी. धोकादायक कामाला, कामगार एकच असला तरी, संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारला आहे. तो ज्वालाग्राही माल हाताळणाऱ्या प्रत्येक शेडसाठी वापरला जावा. कामगाराची तक्रार आली की तपासणी झालीच पाहिजे. तपासणीचे अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावेत. आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भोसरी, तळवडे, चाकण येथील शेडवार यादी स्वतः तयार करावी.

नियम पुसला म्हणून धोका पुसला जात नाही. मालकाच्या वहीतून उतरलेला तो बोजा कामगाराच्या अंगावर येतो, एवढे ध्यानात ठेवून या लढ्याची आखणी झाली पाहिजे.