शाळेची गिटार कोणती असावी?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, वर्गणीच्या विनियोगावरील चर्चेआधी केलेलं भाषण)



आपल्या बॅचने शाळेच्या संगीत वर्गाला एक इलेक्ट्रिक गिटार आणि अ‍ॅम्प द्यायचं ठरवलं, वर्गणीही जमली. तेव्हापासून ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो, द्यायची तर नावाजलेली, भारीतलीच द्या, आपल्या बॅचची आठवण राहील. दुसरा म्हणतो, मुलं शिकाऊ आहेत, स्वस्तातली घ्या आणि उरलेल्या पैशांत एक कपाट करा. मी एका हौशी बँडमध्ये बारा वर्षं गिटार वाजवते, म्हणून निर्णयाआधी बोलायला मला दहा मिनिटं मिळाली आहेत.

सॉफ्टवेअरच्या कामात आम्ही सामान निवडण्याआधी तीन गोष्टी विचारतो. हे कुठे चालणार, कोण वापरणार आणि बिघडलं तर कोण बघणार? इथली उत्तरं आपल्याला पाठ आहेत. ही गिटार गॅदरिंगच्या मांडवात वाजणार. दर वर्षी नव्या मुलामुलींच्या हातात जाणार. आणि बिघडली तर कोकणातल्या आपल्या गावात ती दुरुस्त करणारा कोणी नाही. किंमत या तिघांच्या नंतर.

दुरुस्तीपासून सुरुवात करते. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाचा एक माणूस रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण वादक मोडलेली वाद्यं घेऊन येत ती तो रोज बघत होता. त्याने १९५० साली भरीव लाकडाची जी गिटार बाजारात आणली, तिला पुढच्या वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळालं. तिची मान चार स्क्रूंनी बसवलेली आहे. मान खराब झाली तर स्क्रू काढा, दुसरी लावा. १९५२ साली गिब्सनची लेस पॉल आली. तिची मान सरसाने चिकटवलेली, अंग जाड महॉगनीचं. आवाज भरदार, नाद लांबतो. पण वजन बहुधा चार किलोच्या आसपास, आणि खुंट्यांचं डोकं मागे झुकलेलं असल्यामुळे गिटार पाठीवर पडली तर बरोबर तिथेच तडकण्याची भीती. शाळेत वस्तू पडणारच. आपल्याला स्क्रूची मान आणि सरळ डोकं हवं.

आता हात. फेंडर पद्धतीच्या गिटारीत तारेची वाजणारी लांबी ६४८ मिलिमीटर असते, गिब्सन पद्धतीत साधारण ६२८. ज्यांनी बारावीला सायन्स घेतलं त्यांना सोनोमीटर आठवेल. तीच तार त्याच सुरात लावायची तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. हिशेब केला तर आखूड गिटारीवर ताण सुमारे सहा टक्के कमी. आठवीतल्या बोटांना तो फरक कळतो. मग आखूडच का घेऊ नये? कारण स्क्रूची मान आणि सरळ डोकं असलेल्या गिटारी बहुतेक लांब मापाच्याच मिळतात. यावर तोड अशी की लांब माप घ्यायचं आणि तारा बारीक लावायच्या, पहिली तार इंचाच्या नऊ सहस्रांशाची. बारीक तारा लवकर तुटतात, म्हणून चार सेट कपाटात ठेवायचे. एक गोष्ट मिळवली की दुसरी थोडी सोडावी लागते. फक्त सोडलेली गोष्ट आपल्याला परवडणारी असावी.

तिसरा मुद्दा गुणगुणीचा. गिटारीच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. एकेरी गुंडाळीचा पिकअप स्वच्छ, टणटणीत वाजतो, पण आजूबाजूच्या विजेचं चुंबकीय क्षेत्रही टिपतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे एक खालचा 'हंऽऽ' मागे चालू राहतो. १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडल्या. तारांचा आवाज दोन्हींतून एकत्र येतो आणि गुणगुण एकमेकींना खोडते. याला हंबकर म्हणतात. बदल्यात आवाजाची धार थोडी बोथट होते. घरी बसून वाजवायची असती तर मी एकेरीच घ्या म्हटलं असतं. पण मांडवात जनरेटर, लाइटिंगचे डिमर आणि शंभर झिरमिळ्या दिवे असतात. म्हणून घोडीजवळ हंबकर आणि पुढे दोन एकेरी, ही रचना आपल्याला बरी. अशा गिटारी मधल्या किमतीत अनेक कंपन्या करतात. यामाहाची पॅसिफिका ही त्यातली ओळखीची.

घोडी मात्र स्थिर हवी. दांडी हलवून सूर लहरवण्याची सोय मुलांना फार आवडते, मलाही आवडते. पण त्या घोडीखाली स्प्रिंगा असतात आणि तारांचा ताण स्प्रिंगांशी तोललेला असतो. अधांतरी बसवलेल्या घोडीवर एक तार तुटली की तोल जातो आणि उरलेल्या पाचही बेसूर होतात. स्थिर घोडीवर एक तार तुटली तर मुलगी पाच तारांवर गाणं पूर्ण करू शकते. असंच बॅटरीवरच्या पिकअपचं. आवाज उत्तम, पण त्यांना नऊ व्होल्टची बॅटरी लागते आणि केबल लावून ठेवली की ती संपत राहते. शाळेत केबल काढायला विसरणार नाही असं मूल अजून जन्मलेलं नाही.

आपल्या पावसाळ्याचंही बघायला हवं. हवेतल्या ओलीने मान थोडी वाकते. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ती किल्लीने कमीजास्त करून मान सरळ करता येते. ती सळई फिरते का हे दुकानातच बघून घ्यायचं.

दुकानात आणखी काय बघायचं? आधी अ‍ॅम्पशिवाय वाजवा. प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवून कुठे खरखर येते का ऐका. सुरात लावा, सतारीवर मींड घेतो तशा तारा दहा वेळा जोरात ओढा आणि पुन्हा सूर तपासा. उतरली तर खुंट्या किंवा मानेच्या टोकाची खाच कच्ची आहे. मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावर दाबलेली तीच तार ट्यूनरवर एकच स्वर दाखवतात का बघा. मग अ‍ॅम्पला जोडा, केबलचं टोक हलवा, खटके फिरवा. करकर नको. शेवटी पट्टा गळ्यात घालून पंधरा मिनिटं उभे राहा. गिटार चांगली की वाईट याचा निम्मा निकाल खांदा देतो.

हे सगळं मधल्या किमतीच्या गिटारीत मिळतं. भारीतल्या गिटारीत जास्तीचे पैसे लाकडाला, कारागिरीला आणि नावाला जातात. ती सुंदर असते, यात वाद नाही. पण दहा हजारांच्या वर एकेक वस्तू गेली की शाळेत काय होतं हे आपण विद्यार्थी असताना पाहिलं आहे. ती कुलपात जाते आणि पाहुणे आले की बाहेर निघते. फार स्वस्त घेतली तर ती दर पाच मिनिटांनी उतरते, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

उरलेले पैसे कुठे घालायचे, हे सांगायला मी खरं तर उभी आहे. गिटारीच्या तारा घोडीतून, आतल्या वायरीने, केबलच्या जाळीमार्गे अ‍ॅम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाडा थ्री-पिनच्या वरच्या जाड पिनेतून जमिनीला. मांडवात ती पिन मोडून प्लग टू-पिनमध्ये खुपसलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा अ‍ॅम्पमध्ये दोष असला तर वीज तारांवर येते. वाजवणाऱ्याचा हात तारेवर आणि ओठ माईकला, की तिला जायला वाट मिळाली. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे मंचावर अर्थिंग नसलेल्या माईकमुळे धक्का बसून दगावला. तो सराईत वादक होता. आपण हे वाद्य तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हातात देतो आहोत.

म्हणून माझा प्रस्ताव असा. एक, गिटार मधल्या किमतीची, स्क्रूच्या मानेची, स्थिर घोडीची, मागे हंबकर असलेली. दोन, तारा, दोन केबल, स्टँड आणि ट्यूनर. तीन, सभागृहाच्या अर्थिंगची परवानाधारक वायरमनकडून तपासणी आणि मंचाच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे तेवढी गळती झाली की वीज तोडणारा स्विच. अ‍ॅम्प आणि माईक दोन्ही त्याच बोर्डावरून चालवायचे. या तिसऱ्या गोष्टीवर आपल्या बॅचचं नाव कोरता येणार नाही. कपाटही पुढच्या वर्षी बघू.

गॅदरिंगला नववीतली एखादी मुलगी उभी राहील, तेव्हा गिटार कोणत्या कंपनीची हे कोणी विचारणार नाही. पहिलं गाणं संपून दुसरं सुरू होताना गिटार सुरात असावी आणि तिने निर्धास्तपणे माईकजवळ जावं. हे पटत असेल तर मतदानाला हात वर करा.