टप्प्याने मोजणे

टप्प्याने मोजणे म्हणजे एकेक न मोजता दोन-दोन, पाच-पाच किंवा दहा-दहाच्या उड्या घेत पुढे जाणे. सुरुवात दाराशी काढलेल्या चपलांपासून होते: जोड लावायचे आणि म्हणायचे 2, 4, 6, 8. पाचासाठी हाताचे पंजे आहेतच. एकेक मूल पंजा पुढे करते, वर्ग 5, 10, 15 मोजतो.

दहासाठी चिंचोक्यांइतके सोयीचे साधन नाही. दहा-दहाचे ढीग करायचे. एखाद्या ढिगात नऊच निघाले, तर मोजणी चुकते आणि सगळे ढीग सारखे का हवेत, हे मुलाला तिथेच उमगते. ही चूक मोठ्यांनी घाईने सुधारू नये. शोधायला मुलाला वेळ द्यावा.

मग अंगणात खडूने संख्यारेषा आखावी. शून्यावर उभे राहून तीन-तीन घरांच्या उड्या मारल्या, की चौथी उडी 12 वर पडते. तिनाच्या पाढ्यातले ‘तीन चोक बारा’ असे पायांखालून जाते.

पुढे सुरुवात बदलावी. 3 पासून दहा-दहाने 13, 23, 33 मोजताना एककाचा अंक तोच राहतो, दशकाचा तेवढा वाढतो.