शॉकआधीची भूल

नैराश्य इतकं खोल गेलं की रुग्ण अन्नपाणी सोडतो आणि औषधांनी उतार पडत नाही, तेव्हा मनोविकारतज्ज्ञ ईसीटी, म्हणजे विजेचा उपचार, सुचवतात. ‘शॉक’ म्हटलं की घरचे हादरतात. ही भीती जुनी आहे. १९३८ साली रोममध्ये हा उपचार सुरू झाला तेव्हा भूल दिली जात नसे. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटीला मनाईच केली. हे फार बरं झालं.

पण भूलतज्ज्ञापुढे एक खरा पेच असतो. गुण येतो तो विजेमुळे मेंदूत उठणाऱ्या झटक्यानं, आणि भुलीची बरीच औषधं नेमका तोच दाबतात. प्रोपोफॉलनं रुग्ण लवकर शुद्धीवर येतो, रक्तदाबही फार उसळत नाही, मात्र झटका आखूड होतो. एटोमिडेटनं झटका चांगला टिकतो. केटामाइन रक्तदाब चढवतं. म्हणून वय, हृदयाची स्थिती आणि मागच्या वेळचा झटका पाहूनच औषध नि मात्रा ठरते.

चालू असलेली सगळी औषधं भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. आणि उपचाराआधी किमान सहा तास जेवण नको, अगदी दूध-बिस्किटसुद्धा नको.