मधल्या पिढीचा विसावा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गत पन्नास वर्षांचे गौरवपूर्वक सिंहावलोकन करावे, असा प्रघात आहे. ते काम माझ्याहून अधिकारी वक्त्यांनी केलेलेच आहे. मी बोलणार आहे ते आपल्यातील अशा सभासदांविषयी, की जे वर्गणी नियमाने भरतात, पण कार्यक्रमांना सहसा दिसत नाहीत. त्यांच्या घरी ऐंशी पार केलेली आई किंवा सासरे असतात आणि दहावीच्या परीक्षेला बसणारा मुलगाही असतो. सायंकाळचे दोन तास घराबाहेर काढणे त्यांना शक्य होत नाही. ‘हल्ली येत नाहीत’ एवढे म्हणून आपण त्यांचा विषय संपवतो.

१९८१ साली अमेरिकेतील डोरोथी मिलर या विदुषीने अशा मधल्या पिढीस ‘सँडविच पिढी’ असे नाव दिले. आपल्याला पावाच्या दोन कापांपेक्षा अडकित्त्यातली सुपारी अधिक परिचयाची, आणि माझ्या मते ती उपमा अधिक यथार्थही आहे. हा भार पूर्वीच्या एकत्र कुटुंबातही होताच. परंतु तो चार जावांमध्ये आणि एखाद्या विधवा आत्याबाईंमध्ये वाटला जाई. (त्या आत्याबाईंच्या वाट्याला काय आले, हे विचारण्याची त्या काळी रीत नव्हती.) आज तो एका माणसावर येतो, आणि ते माणूस बहुधा स्त्री असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातील माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के. जे करतात, त्यांतही स्त्रियांची दिवसाची सरासरी १४० मिनिटे आणि पुरुषांची ७४. स्वयंपाक आणि धुणीभांडी यांत धरलेली नाहीत. बंधूंनी रागावू नये.

अतिश्रमाने माणूस आतून विझत जातो, या अवस्थेचे वर्णन न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली केले. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची व्याख्या केली. मात्र ती नोकरीधंद्यातील कामापुरतीच. घरच्या शुश्रूषेचा शिणवटा त्या व्याख्येत बसत नाही. आपल्या कायद्याचीही तीच गत आहे. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवरही टाकली, ते योग्यच झाले. पण ती निभावणाऱ्याने श्वास केव्हा घ्यावा, याविषयी कायदा मौन पाळतो. केंद्र सरकारच्या नोकरीतील स्त्रीला मुलांच्या संगोपनासाठी एकूण ७३० दिवसांची रजा मिळते. वडिलांच्या आजारपणासाठी अशी स्वतंत्र रजा नाही. साठवलेली अर्जित रजाच मोडावी लागते.

हे सर्व भारतभर सारखेच. कोलकात्यातील मराठी घराची अडचण याच्याही पुढची आहे. आईवडील देशी राहिले, तर हावड्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने पुण्यास पोहोचावयास दोन रात्री जातात. म्हणून पंचाहत्तराव्या वर्षी त्यांना साताऱ्याहून किंवा वर्ध्याहून उचलून बेहाला वा यादवपूरच्या तिसऱ्या मजल्यावर आणले जाते. तेथे औषध, डॉक्टर, मासळी, भाजी सर्व मिळते. बोलावयास माणूस मिळत नाही. या शहरात आया सेंटरची सोय चांगली आहे. बारा तासांच्या पाळीने बाई येते, अंग पुसते, कूस बदलते, आणि बहुधा मायेने करते. परंतु ती ‘एकटू चेष्टा कोरून’ म्हणते ते ‘थोडा प्रयत्न करा’ या अर्थी, आणि आपल्या आजींना वाटते की ही आपली थट्टा करते आहे. घास तसाच राहतो. मग कचेरीतून सूनबाईंना दूरध्वनी येतो.

ज्यांनी येथे चाळीस वर्षे काढली आणि अस्खलित बंगाली बोलले, त्यांचीही यातून सुटका नाही. स्मृतिभ्रंशाच्या आजारात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी मावळते आणि माणूस मातृभाषेकडे परततो. नातवंडे बंगालीत किंवा इंग्रजीत उत्तर देतात. घरात आजोबांची मराठी समजणारे आणि त्यांना मराठीत उत्तर देणारे माणूस उरते एकच. उचलणे, न्हाऊ घालणे हे श्रम दुसऱ्यास वेतन देऊन सोपवता येतात. तीच कहाणी दहाव्यांदा ऐकणे सोपवता येत नाही. माझ्या समजुतीने आपल्या घरांतील खरा थकवा येथे आहे. मग मुलाच्या साध्या प्रश्नावर खेकसणे होते, रात्रीची झोप उडते, स्वतःच्या रक्तदाबाची गोळी राहून जाते; आणि त्या खेकसण्याची टोचणी पुन्हा निराळी.

भाषेवाचून माया होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात विस्मरणात बुडालेल्या शास्त्रीबुवांना लेकराप्रमाणे सांभाळते ती कानडी बोलणारी चन्नम्मा. पण त्याच चित्रपटातली लेक इरा पाहा. वडिलांवर तिची भक्ती आहे, तिला स्वतःचा संसार आहे, आणि ती थकलेली आहे. प्रेक्षकांनी चन्नम्मेसाठी डोळे पुसले; मला इरेची अधिक काळजी वाटली.

आपल्या मंडळाजवळ पैसा बेताचाच आहे, परंतु मराठी बोलणारी माणसे आहेत. कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी, की दोन-दोन सभासदांनी आठवड्यातून एकदा अशा एका घरी जावे, वडीलधाऱ्यांशी दोन तास बोलत बसावे आणि घरच्या बाईंनी त्या वेळात बाहेर पडावे. भाजी आणावयास नव्हे. पाहुणे म्हणून जाऊ नये. चहा टाकावा लागला, तर दोन तासांतला अर्धा तास तेथेच गेला. जोडीत एक पुरुष असावा, असा माझा आग्रह आहे. पाळ्यांचे पत्रक महालयापूर्वी तयार व्हावे, कारण षष्ठीपासून दशमीपर्यंत कॅनिंग आणि लक्ष्मीकांतपूरच्या लोकलने येणाऱ्या बायका आपल्या घरी पूजेला राहतात आणि मुलांच्या शाळाही त्याच दिवसांत बंद असतात.

जेथे वृद्ध जोडपे एकटेच राहते, तेथे कोलकाता पोलिसांच्या ‘प्रणाम’ योजनेत त्यांचे नाव नोंदवून द्यावे. ती २००९ पासून चालू आहे. विस्मरणाच्या आजारासाठी अल्झायमर्स सोसायटीची शाखा या शहरात आहे. तिचे मार्गदर्शन घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

येत्या रविवारपासून वाचनालयाच्या मेजावर एक वही ठेवू. तिच्यात दोन रकाने असतील : ‘मी जाईन’ आणि ‘आमच्याकडे या’. पहिल्या रकान्यात नावे भरभर येतील, याची मला खात्री आहे. दुसऱ्यात लिहिताना हात अडखळेल. घरातले झाकलेले चारचौघांत कसे उघडावे, असे वाटेल. तेव्हा त्या रकान्यात कोणी नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. चिटणीसबाईंच्या कानावर घातले तरी पुरे.